चौकटीबाहेरचा एक

मी कॉम्प्युटर होतो. घरातली पोरं हसतात, तुम्हीही हसा. पण एकोणीसशे पन्नासनंतरची काही वर्षं चांद्याच्या कचेरीत माझ्या हुद्द्याचं नावच ते होतं. नेमणुकीच्या कागदावर ठळक टाइप केलेलं, खाली साहेबांची सही. आकडे गोळा करायचे, बेरजा-सरासऱ्या काढायच्या, तक्ते टाइप करून पुढे धाडायचे. या कॉम्प्युटरला वीज लागत नव्हती, दोन वेळा चहा लागायचा.

गेल्या उन्हाळ्यात माझी पुतणी सुनंदा नागपूरहून आली. ती खऱ्या कॉम्प्युटरवर काम करते. तिच्या पिशवीत घड्या घातलेला लांबच लांब कागद होता, दोन्ही काठांना भोकं असलेला, आणि त्यावर आकड्यांच्या सरळसोट रांगा. मी जुनी खोड म्हणून नजर फिरवली, तर एका जागी आकडाच नव्हता. चार चांदण्या छापलेल्या होत्या.

मी विचारलं, हे काय गं? म्हणाली, "काका, आकड्यांचा तक्ता फाइलीत लिहून ठेवायचा तर मशीनला आधी सांगावं लागतं, एका आकड्याला जागा किती आणि टिंबाच्या पुढे घरं किती. मी चार जागा सांगितल्या. हा आकडा मोठा निघाला, मावला नाही. मावला नाही की ते चांदण्या छापतं. चूक माझीच आहे, जागा वाढवते."

ती चहा करायला आत गेली आणि मी तो कागद मांडीवर घेऊन बसून राहिलो. लोखंडाचं यंत्र, त्याला ना लाज ना भीती. तरी आकडा मावला नाही तर ते साफ सांगतं की मावला नाही. हीच वेळ एकदा माझ्यावर आली होती. तेव्हा या हाडामासाच्या कॉम्प्युटरनं काय केलं, ते आता लिहून टाकतो.

आधी काम समजून घ्या. तेव्हा चंद्रपूरला चांदा म्हणत आणि गडचिरोली त्याच जिल्ह्यात होतं. वरोऱ्यापासून पार सिरोंच्यापर्यंत ठिकठिकाणी पर्जन्यमापक बसवलेले होते. पाच इंच तोंडाचं एक नळकांडं, आत बाटली, सोबत काचेचं माप. त्या मापात अर्धा इंच पाऊस मावायचा आणि इंचाचे शंभर भाग धरलेले, त्यातल्या एकेकाला सेंट म्हणत. गावातला नेमलेला माणूस रोज सकाळी आठला बाटलीतलं पाणी मापात ओतायचा, आकडा कार्डावर लिहायचा, आणि महिना संपला की कार्ड टपालानं माझ्याकडे.

मी त्याचा तक्ता करायचो. खाली एकतीस ओळी, आडवे बारा महिने, एका ठिकाणाचं एक वर्ष एका कागदावर. एका आकड्याला चारच जागा: एक अंक, टिंब, दोन अंक. याला कारण होतं. हे तक्ते पुढे कुठल्याशा मोठ्या कचेरीत जायचे, तिथं एकेका आकड्यासाठी जाड कार्डाला भोकं पाडून ती यंत्रातून काढायचे. यंत्राला डोळे नसतात, ते जागा मोजतं. एक आकडा एका घरानं सरकला की पुढची सगळी रांग वेड्यासारखी बोलायला लागते. म्हणून सगळी टिंबं एकाखाली एक हवीत. पाऊस नाही तर शून्य. मोजलंच नाही तर आडवी रेघ. कोरी जागा सोडणं म्हणजे पाप.

मोजणारे एकेक नग होते. एकानं चौकटीत आकड्याऐवजी ‘गंज’ असं लिहून पाठवलं, म्हणजे पुष्कळ पडला. एक मास्तर दिवाळीपर्यंतचे आकडे ऑगस्टातच भरून मोकळे झाले होते, पोस्टात गर्दी होते म्हणून. सिरोंच्याच्या माणसाचे शेरे तेलुगूत असायचे, पण आकडे मोत्यासारखे. या सगळ्यांना मी ओळीत बसवायचो आणि त्याचा मला भयंकर गर्व होता. रुंद कागद मावेल असा लांब गाड्याचा टाइपरायटर, पाच कार्बन, आणि माझा तक्ता उन्हात धरला तर टिंबांतून दोरी ओढावी असा सरळ. आमचे बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, नव्या लोकांना माझा कागद दाखवून म्हणायचे, "चौकटीत बसतो तो आकडा. बाहेर राहते ती बोंब."

तर एका वर्षाच्या तक्त्याचं काम चाललं होतं. ठिकाण कोसंबटोला, ब्रह्मपुरीच्या पलीकडचं धानाच्या पट्ट्यातलं गाव. जानेवारीपासून टाइप करत ऑगस्टच्या रकान्यात आलो. कार्डावर सतरा तारखेसमोर चौकटीत २.३५ होतं, आणि चौकटीच्या डाव्या रेघेबाहेर, अगदी चिकटून, एक १. शाईचा डाग नव्हता, रेघ नव्हती. नीट काढलेला, डोक्याला वळण दिलेला १ होता. म्हणजे बारा इंच पस्तीस सेंट.

एका दिवसात बारा इंच? मी स्वतःशीच हसलो. खेड्यातली माणसं, पावसाला घाबरून हात सुटला असेल. आणि समजा खरं असलं तरी टाइप कुठे करू? चार जागा. पाचवा अंक घातला की टिंब सरकणार, सगळा रकाना बिघडणार, पाच कार्बनांसकट कागद फेकून पुन्हा जानेवारीपासून सुरुवात. साडेचार वाजले होते. मी २.३५ टाइप केलं आणि पुढच्या ओळीवर गेलो. रकाना फार देखणा दिसत होता.

पुढचा उन्हाळा गेला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात पर्जन्यमापक तपासायचं काम माझ्याकडे आलं. नळकांडं तिरपं झालंय का, वर झाडाची फांदी आलीय का, काच तडकलीय का, एवढं पाहायचं. फिरत फिरत कोसंबटोल्याला पोचलो. ब्रह्मपुरीपर्यंत मोटार, पुढे बैलबंडी. आमच्या कागदावर नाव होतं सोमा नान्हे. ढिवराचं घर, तळ्यावर जाळी टाकणारी माणसं. सोमाभाऊ मांडवाखाली खाटेवर बसले होते आणि त्यांचे दोन्ही डोळे पांढरे झाले होते.

मी म्हटलं, "भाऊ, मग पाऊस कोण मोजतं?"

"नाव माहं हाये जी," ते म्हणाले, "काम तिचं."

ती म्हणजे त्यांची बायको, जनाबाई. पन्नाशीच्या आतबाहेरची, उंच, कमी बोलणारी. आकडे आणि अक्षरं नवऱ्याचे डोळे जाण्याआधी त्याच्याकडून शिकलेली. नियमानं मी याची वर खबर द्यायला हवी होती. पण तिनं काचेचं माप आणलं तेव्हा मी तो विचार सोडला. धानाच्या कोंड्यानं भरलेल्या टोपलीत, अंडं ठेवावं तसं ठेवलेलं. इतकी स्वच्छ काच मी जिल्ह्यात दुसरीकडे पाहिली नव्हती.

तपासणी झाली. निघता निघता मी आपलं सहज विचारलं, "बाई, सगळ्यात मोठं माप कधीचं?"

तिनं आठवायलाही वेळ घेतला नाही. "परसालच्या आधल्या साली. बारा इंच पस्तीस सेंट."

ती सांगत गेली. सकाळचं माप घेऊन झालं आणि पाऊस लागला तो दुसऱ्या सकाळपर्यंत. नळकांडं शाळेच्या अंगणात होतं; बाटली भरून उतू जाईल म्हणून ती पाच वेळा भर पावसात तिथं गेली. एक माप ओतलं की मोहाची एक बी गाडग्यात टाकायची, कारण इतक्या खेपांत मोजणी चुकते. "चोवीस बिया भरल्या मापाच्या, अन् वरून एक उणं माप, पस्तीस सेंटाचं. माह्या जन्मात असं पानी नाई पाह्यलं जी. आभाळ पडून राह्यलं होतं."

मी विचारलं, त्या बिया आहेत का. तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. "बिया कायले राह्यतीन? तेल काहाडलं न."

मग पुढचं सोमाभाऊंनी सांगितलं. गावाच्या वर तळं, तळ्याला मातीची पाळ, तिकडच्या बोलीत पार, पाळीखाली पस्तीस-चाळीस घरं. पहाटे पाणी पाळीच्या माथ्याला लागलं. गावानं मिळून ठरवलं, आणि ढिवरांनीच फावडी घेऊन पाळ एका टोकाला, शेतांच्या बाजूला फोडली. शेतं वाळूनं भरली, घरं वाचली. नंतर चौकशी आली.

"साहेब म्हने, पानी पडलं सव्वादोन इंच. कागदावर हाये. सव्वादोन इंचात कोनती पार फुटते? तुमी ढिवरायनं मासोळ्यांसाठी फोडली." सोमाभाऊ खाटेची दोरी चाचपत होते. "तवापासून तळ्यात जाळं टाकाची मनाई हाये. पोरं जंगलात बांबू तोडाले जाते."

जनाबाईनं माझ्याकडे पाहिलं. "तुमी चांद्याचे न भाऊ? आमचं कार्ड पोचलं नाई का जी?"

कार्ड पोचलं होतं. माझ्याच हातात पोचलं होतं. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात ना, ते कुंपण मी. आणि मी म्हणालो, "पाहतो." त्या एका शब्दाची मला आजही लाज वाटते.

पाळीवर गवंडी काम करत होते. फुटलेली पाळ बांधून तिच्या कडेला जास्तीचं पाणी वाहून जायला दगडी सांडवा करायचं चाललं होतं. ओव्हरसियर कारेमोरे तिथंच छत्री लावून उभे होते. मी विचारलं, सांडव्याची रुंदी कशावर काढली? त्यांनी पिशवीतून तक्ता काढला. माझाच तक्ता. कार्बनची चौथी प्रत, टिंबं एकाखाली एक. "एका दिवसाचा सगळ्यात मोठा पाऊस सहा इंच नव्वद," ते म्हणाले. "त्यावर थोडं वाढवून धरलंय. तक्ता मोठा सुरेख आहे हो तुमच्याकडचा."

पुन्हा तसा पाऊस आला तर तो सांडवा कुठवर पुरणार, आणि गावाला या वेळी फोडायला मातीची कच्ची जागाही ठेवलेली नव्हती. पावसाळ्याला दीड महिना उरला होता.

चांद्याला परतलो ते थेट रेकॉर्डच्या खोलीत. कार्ड सापडलं. तो १ तसाच रेघेला चिकटून होता. बडेबाबूंपुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "हे बघ," ते म्हणाले, "तक्ता वर गेला, छापून आला. आता छापून आलं तेवढंच पडलं."

मी म्हटलं, गावाचं काय? ते म्हणाले, "एका बाईच्या मोजणीवर तू सरकारचं पुस्तक खोटं ठरवणार? आणि ती तर नेमलेली पण नाही." ते वाईट नव्हते. नोकरीला तीन वर्षं उरलेला माणूस होता. मी रजेचा अर्ज ठेवला आणि कार्ड खिशात घालून पुन्हा कोसंबटोल्याला निघालो. रेकॉर्डमधला कागद बाहेर नेणं हा गुन्हा, हे मीच नव्या लोकांना शिकवत असे.

कारेमोरेंनी कार्ड उलटसुलट पाहिलं. माणूस सरळ होता, पण कामाचा पक्का. "हा १ चौकटीबाहेर आहे," ते म्हणाले, "आणि बाई मोजायला चुकली नसेल कशावरून? चोवीस मापं, भर पावसात. मी चार मापांत चुकतो. मला पाहू द्या तिचा हात."

मग शाळेच्या अंगणात जे झालं, ते मी नोकरीभर विसरलो नाही. कारेमोरेंनी जनाबाईकडून माप मागून घेतलं, वर्गाचं दार लावून आत एका बादलीत स्वतः मोजून पाणी भरलं. किती भरलं ते चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी माझ्या मुठीत दिली, पाहायचं नाही म्हणून. नंतर तीन खेपांत ते पाणी नळकांड्यात ओतलं, दर खेपेला जनाबाईनं भरली मापं मोजून काढली, उणं उरलेलं पुढच्या खेपेसाठी बाटलीतच ठेवलं. गाव जमलं होतं. सोमाभाऊंना कुणीतरी हाताला धरून आणलं होतं.

ती मातीत बसली. बाटली उचलायची, काचेत ओतायची, काच डोळ्याच्या रेषेत धरायची, पाणी हलायचं थांबेपर्यंत श्वाससुद्धा घ्यायची नाही. मग पाणी फेकून एक बी बाजूला. घाई नाही, भीती नाही. मी आयुष्य आकड्यांत काढलं, पण आकडा जन्माला येतो कसा ते मी त्या दिवशी पाहिलं. कागदावर जे मला चार जागांचं ठोकळं वाटायचं, त्यामागे असा एक हात आणि असा एक डोळा असतो, हे कळून माझी मान खाली गेली.

सतरा बिया झाल्या. अठरावं माप उणं. तिनं काच धरली आणि म्हणाली, "आठ इंच अडुसष्ट सेंट."

कारेमोरेंनी मला खूण केली. मी चिठ्ठी उघडली. आठ इंच सत्तर होतं. गर्दीत कुजबुज झाली आणि कारेमोरे जरा हसले. "बाई, दोन सेंट कमी."

जनाबाई उठली नाही. "दुसऱ्या खेपेले तुमच्या हातून थोडं बुटावर पडलं जी," ती म्हणाली. "थे नळीत आलंच नाई. जे आलं नाई थे मी कायले मोजू?"

सगळ्यांनी खाली पाहिलं. डाव्या बुटाच्या टोकावर धुळीत ओला डाग होता, अजून वाळायचा. कारेमोरेंनी टोपी काढली, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं, आणि गवंड्यांच्या मुकादमाला हाक मारून काम थांबवायला सांगितलं.

आता माझी पाळी होती. कुणी विचारलं नव्हतं, मी गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं. पण खाई त्याला खवखवे. सगळ्यांसमोर म्हटलं, "बाई, तुमचं कार्ड पोचलं होतं. बारा पस्तीस लिहिलं होतं. आमच्या कागदात चारच जागा होत्या. पुढचा एक मी टाकला नाही. तुमच्या जाळ्यांवर जी मनाई आली ती माझ्यामुळे."

शिव्या येतील म्हणून वाट पाहत होतो. आल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं हातातली काच कोंड्याच्या टोपलीत ठेवली. मग म्हणाली, "चौकट त आमालेही कमीच पडली होती जी. आमी बाजूनं लिवला न एक. तुमालेही लिवता आला असता."

टिंबं सरळ राहावीत म्हणून मी गाव बुडवायला निघालो होतो. आणि सारवलेल्या ओट्यावर बसून कार्ड भरणाऱ्या बाईला जे सुचलं, ते मला, कॉम्प्युटरला, सुचलं नव्हतं.

कारेमोरेंनी स्वतःच्या सहीनं वर लिहिलं, मी माझा कबुलीजबाब जोडला. सांडवा दुपटीहून रुंद झाला, पावसाळा तोंडावर येईतो कसाबसा पुरा झाला. तक्त्याला शुद्धिपत्र निघालं आणि ते चौकशीच्या कागदांना लागल्यावर तळ्यावरची मनाई उठली, तरी त्यात आणखी एक हंगाम गेलाच. ते वर्ष मी त्यांना परत देऊ शकलो नाही. माझ्या सर्व्हिस बुकात लाल शाईचा शेरा आला. सबंध नोकरीतला तो एकच, आणि खरं सांगायचं तर तेवढंच पान मी अधूनमधून उघडून पाहत असे.

शुद्धिपत्रात मोजणाऱ्याचं नाव लिहायची जागा होती. तिथं मी सोमा नान्हे लिहिलं. जनाबाई लिहिलं असतं तर ती नेमलेली नाही म्हणून पर्जन्यमापकच उचलून नेला असता. तेव्हा ते शहाणपणाचं होतं, तरी मनाला लागून राहिलं. आज इथं मला कोणी जागा मोजून दिलेली नाही, म्हणून नीट लिहितो: तो आकडा जनाबाई सोमा नान्हे यांनी मोजला.

एक गोष्ट मी केली. नवे तक्ते आखताना प्रत्येक आकड्याला पाच जागा ठेवल्या. नवे बडेबाबू कुरकुरले, डावीकडची एक जागा ओळीनं कोरी राहते, कागद वाया जातो, दिसायलाही बोडकं दिसतं. मी म्हटलं, असू द्या. वर्षानुवर्षं ती जागा मोकळीच राहिली. वरोरा, ब्रह्मपुरी, सिरोंचा, कुठलाही कागद घ्या, वरपासून खालपर्यंत रिकामी पट्टी.

मग एका पावसाळ्यानंतर कोसंबटोल्याचं कार्ड आलं. कार्डं अजून जुनीच छापलेली होती, एका अंकाची चौकट. एका तारखेसमोर चौकटीत १.६० आणि रेघेबाहेर, चिकटून, नीट वळण दिलेला १. अकरा इंच साठ सेंट. नजर पुढे शेऱ्याच्या रकान्याकडे नेण्याचं धाडस होईना. त्या रकान्यात ती कधी काही लिहीत नसे.

त्या दिवशी लिहिलं होतं. वाकडी, मोठाली अक्षरं, दोन ओळींत: ‘पार हाये. जाळी वाळू घातली हाये.’

मी कागद टाइपरायटरला लावला, रिकाम्या पट्टीत पहिला अंक टाकला, आणि टिंब बरोबर टिंबाखाली आलं.